शाखेचे म्हणणे: ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षातील नेतृत्व आणि शिस्त

ब्रिटनचा कम्युनिस्ट पक्ष कधीच मोठा नव्हता. १९२० साली जुलै संपता संपता लंडनच्या कॅनन स्ट्रीट हॉटेलात तो स्थापन झाला आणि १९९१ च्या नोव्हेंबरात त्याने स्वतःच स्वतःला विसर्जित केले. या एकाहत्तर वर्षांत त्याची सभासदसंख्या सर्वांत वर गेली ती दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यावर, आणि तेव्हाही ती साठ हजारांच्या आतच राहिली. पार्लमेंटात एका वेळी दोनांहून अधिक खासदार त्याला कधी निवडून आणता आले नाहीत. इटलीत किंवा फ्रान्समध्ये याच विचारांच्या पक्षांमागे लाखो माणसे उभी होती. तरीही एखाद्या पक्षात नेतृत्व कसे टिकते, शिस्त कशी रुजते आणि ती कुठे कुजते, हे पाहायचे असेल तर ब्रिटिश पक्षाचाच इतिहास मला सर्वांत उपयोगाचा वाटतो. हा पक्ष सत्तेवर कधी आला नाही. त्याच्या हातात तुरुंग नव्हता आणि सामान्य सभासदाचे घर किंवा नोकरीही नव्हती. मॉस्कोतला सभासद १९३७ साली गप्प का बसला, हे समजायला फारसा अभ्यास लागत नाही. मँचेस्टरच्या कारखान्यातला फिटर किंवा लीड्सचा शाळामास्तर मात्र केव्हाही सभासदपत्र परत करून घरी बसू शकत होता. तोही वर्षानुवर्षे पक्षाचा प्रत्येक निर्णय मानत आला. असे का झाले, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मराठी वाचकाला हा पक्ष अगदीच परका नाही. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात मुंबईत काम करणारा बेन ब्रॅडली याच पक्षाचा, आणि १९२९ च्या मार्चमध्ये मीरत खटल्यात डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी यांच्याबरोबर त्यालाही अटक झाली. बॅटर्सी मतदारसंघातून पार्लमेंटात गेलेले शापुरजी सकलातवाला जन्माने मुंबईचे. आणि पक्षाचा सर्वांत मोठा सिद्धांतकार रजनी पाम दत्त याचे वडील बंगाली डॉक्टर, आई स्वीडिश. भारतीय कम्युनिस्टांना पुष्कळ वर्षे धोरणाचे मार्गदर्शन मिळाले ते लंडनमार्गे. १९३६ साली दत्त आणि ब्रॅडली यांनी मांडलेल्या निबंधाने भारतीय कम्युनिस्टांना काँग्रेसबरोबर काम करण्याची दिशा दिली. त्यामुळे लंडनच्या किंग स्ट्रीटवरच्या कचेरीत निर्णय कसे होत होते, हा प्रश्न आपल्याकडच्या डाव्या चळवळीच्या इतिहासाशीही जोडलेला आहे. या पुस्तकाची कक्षा मात्र मी ब्रिटनपुरतीच ठेवली आहे.

या पक्षाविषयी लिहिणाऱ्यांत साधारण दोन मते आढळतात. एक मत असे की सगळे निर्णय मॉस्कोत होत, लंडनचे पुढारी नुसते निरोप्ये होते. दुसरे मत सहानुभूतीचे आहे: माणसे प्रामाणिक आणि झुंजार होती, पण शिस्त गरजेपेक्षा कडक झाली. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. शिस्त किती कडक होती, यापेक्षा ती कोणत्या दिशेने वाहत होती याला मी महत्त्व देतो. पक्षाच्या नियमांप्रमाणे शाखेचे म्हणणे जिल्हा समितीकडे आणि तिथून कार्यकारिणीकडे जाई. निर्णय त्याच वाटेने खाली येई. एका शाखेने दुसऱ्या शाखेशी परस्पर विचारविनिमय करून एखादे मत संघटित करणे म्हणजे गटबाजी. वर जाणारी वाट मोकळी आणि आडवी वाट बंद, अशी ही रचना होती. अशा रचनेत प्रत्येक असंतुष्ट सभासदाला वाटत राहते की आपण एकटेच आहोत. पुढाऱ्यांनाही आपल्या सभासदांच्या मनात काय चालले आहे हे कळत नाही, आणि कळते तेव्हा सभासद निघून गेलेले असतात. पुढाऱ्यांच्या स्वभावापेक्षा, मॉस्कोच्या दडपणापेक्षाही, या रचनेने पक्षाचे अधिक नुकसान केले, हे मला या पुस्तकात दाखवायचे आहे.

ही रचना आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. तिसऱ्या इंटरनॅशनलने १९२० साली प्रवेशासाठी ज्या एकवीस अटी घातल्या, त्यांतली एक लोकशाही केंद्रीयतेची आणि पोलादी शिस्तीची होती. यादवी युद्धात अडकलेल्या रशियन पक्षाचा अनुभव त्या अटीमागे होता. ब्रिटिश पक्षात ती प्रत्यक्षात आणली दत्त, हॅरी पॉलिट आणि हॅरी इंकपिन या तिघांच्या आयोगाने. त्यांचा अहवाल १९२२ च्या ऑक्टोबरात बॅटर्सीच्या अधिवेशनात मंजूर झाला. तोवरचा पक्ष म्हणजे जुन्या समाजवादी मंडळांची सैलसर मोट होती. वादविवाद भरपूर आणि काम थोडे, असा कारभार. प्रत्येक सभासदाला नेमून दिलेले काम हवे, ही या आयोगाची अपेक्षा अगदी रास्त होती. संपात उतरलेल्या संघटनेला एका आवाजात बोलावेच लागते. पण कृतीसाठी घातलेली शिस्त पुढे मतालाही लागू झाली, आणि मतावरून खाजगी आयुष्यालाही. सकलातवालांनी १९२७ साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये आपल्या मुलांची नवजोत केली, तेव्हा पक्षाने त्यांच्यावर जाहीर ठपका ठेवला. धर्मविधीबद्दल पक्षाचे मत काहीही असो, घरातल्या मुलांच्या संस्काराचा आणि संपातल्या एकजुटीचा काही संबंध नव्हता. सकलातवालांनी ठपका मान्य केला आणि १९३६ साली मृत्यू येईपर्यंत ते पक्षातच राहिले.

पॉलिट हा या कथेतला सर्वांत मोठा माणूस. लँकेशायरच्या ड्रॉइल्सडनचा, बॉयलर बनवणारा कामगार. १९२९ पासून पक्षाचा सरचिटणीस. त्याची भाषणे ऐकायला विरोधकही येत. पक्षावर त्याची हुकूमत होती असे सर्रास म्हटले जाते. पण दोन प्रसंगी ही हुकूमत किती होती ते दिसते. पक्षाच्या स्थापनेपासूनची कार्यकर्ती रोझ कोहेन हिला १९३७ साली मॉस्कोत अटक झाली आणि त्याच वर्षी तिला गोळ्या घातल्या गेल्या. पॉलिटचे एके काळी तिच्यावर प्रेम होते आणि त्याने तिला लग्नाची मागणीही घातली होती. त्याने तिच्याविषयी मॉस्कोत खाजगीत विचारणा केली. जाहीरपणे पक्ष गप्प राहिला, आणि ब्रिटिश सरकारने तिच्यासाठी रदबदली केली तेव्हा पक्षाच्या ‘डेली वर्कर’ या दैनिकाने सरकारवरच टीका केली. सरचिटणिसाला स्वतःच्या पक्षातल्या लोकांपुढे जाऊन आपल्या मैत्रिणीबद्दलची शंका बोलून दाखवण्याची सोय नव्हती. वर विचारायचे आणि उत्तराची वाट पाहायची, एवढाच मार्ग त्यालाही होता.

दुसरा प्रसंग १९३९ च्या शरद ऋतूतला. पुस्तकात त्याला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. ३ सप्टेंबरला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. फॅसिझमविरुद्धचे युद्ध म्हणून पक्षाने त्याला पाठिंबा दिला आणि युद्ध कसे जिंकावे यावर पॉलिटची पुस्तिका निघाली. महिना संपण्याआधी पक्षाचा मॉस्कोतला प्रतिनिधी डेव्ह स्प्रिंगहॉल परतला तो नवी भूमिका घेऊन: हे दोन्ही बाजूंनी साम्राज्यवादी युद्ध आहे. २ आणि ३ ऑक्टोबरला मध्यवर्ती समितीची बैठक झाली. दत्तने नवी भूमिका मांडली आणि समितीतल्या प्रत्येकाने ती निःशंकपणे स्वीकारावी अशी मागणी केली. पॉलिट उठून विरोधात बोलला. स्पेनच्या यादवी युद्धात आपली मुले कोणाविरुद्ध लढून मेली, हा प्रश्न त्याच्या मनात होता. ब्रिटनमधून तिथे गेलेल्या दोन हजारांवर स्वयंसेवकांपैकी पाचशेच्या वर परत आले नव्हते, आणि त्यांतल्या कित्येकांना त्याने स्वतः निरोप दिला होता. मतदान झाले, २१ विरुद्ध ३. विरोधात पॉलिट, ‘डेली वर्कर’चा संपादक जे. आर. कँपबेल आणि खासदार विली गॅलाकर. पॉलिटचे सरचिटणीसपद गेले, आणि नोव्हेंबरात पॉलिट व कँपबेल यांनी आपली चूक झाल्याचे जाहीर केले. १९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावर स्वारी केली तेव्हा पॉलिट पुन्हा सरचिटणीस झाला.

आता त्या बैठकीचे इतिवृत्त वाचताना काय दिसते? तिथे चर्चा झाली. दोन दिवस झाली आणि ती मोकळी होती. माणसे एकमेकांच्या तोंडावर कडवट बोलली. म्हणजे पक्षात लोकशाही नव्हतीच, असे म्हणता येत नाही. ती एका खोलीत होती. खोलीबाहेरच्या सुमारे अठरा हजार सभासदांना आपल्या सरचिटणिसाने नेमका काय मुद्दा मांडला, त्याला कोणी काय उत्तर दिले, यातले काहीही कळले नाही. त्यांच्या हाती आला तो निर्णय आणि मागाहून माघारीचे निवेदन. ते शब्दशः इतिवृत्त मॉस्कोला गेले आणि लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापले गेले १९९० साली. म्हणजे पक्षाच्या इतिहासातला सर्वांत चांगला वाद पक्षाच्या सभासदांना पन्नास वर्षे वाचायला मिळाला नाही. त्या वादातून शिकण्यासारखे पुष्कळ होते. पॉलिटच्या बाजूने असलेली माणसे शाखाशाखांतून होती, पण ती किती आहेत हे ना त्यांना ठाऊक होते, ना पॉलिटला.

इथे पहिल्या आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. १९३९ ची कलाटणी मॉस्कोच्या आज्ञेने झाली हे उघड आहे. मग अंतर्गत रचनेची एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी विचारेल. हा आक्षेप १९३९ पुरता जोरदार आहे. पण तिसरी इंटरनॅशनल १९४३ साली बरखास्त झाली, आणि १९५६ साली तर मॉस्कोनेच स्टालिनवर टीका सुरू केली. क्रुश्चेव्हच्या गुप्त भाषणाचा मजकूर जूनमध्ये ‘ऑब्झर्व्हर’ने सबंध छापला. आज्ञा पाळणे एवढाच ब्रिटिश पक्षाचा दोष असता, तर त्या वर्षी टीकेला दारे उघडायला हवी होती. घडले ते वेगळेच. यॉर्कशायरमधले दोन इतिहासकार, हॅलिफॅक्सचा एडवर्ड टॉम्प्सन आणि हलचा जॉन सॅव्हिल, यांनी जुलैमध्ये ‘रीझनर’ नावाचे नियतकालिक काढले. टंकलेखन करून, सायक्लोस्टाइलवर छापून, पदरमोडीने. ते पक्षविरोधी नव्हते. दोघेही निष्ठावान सभासद होते, आणि स्टालिनकाळात आपल्या पक्षाने जे मान्य केले त्याची जबाबदारी आपणच तपासली पाहिजे, एवढेच त्यांचे मागणे होते. अंक पोस्टाने गेला आणि देशभरातून पत्रे येऊ लागली. ज्याला त्याला वाटत होते की असा विचार करणारे आपण एकटेच, आणि आता ती माणसे एकमेकांना सापडत होती. कार्यकारिणीने अंक बंद करण्याचा आदेश दिला. कारण मजकुराचे नव्हते, परवानगीवाचून पक्षाच्या रचनेबाहेर चर्चा चालवल्याचे होते. दुसरा अंक निघाला, आणि नोव्हेंबरात, सोव्हिएत रणगाडे हंगेरीतला उठाव चिरडत असताना, तिसरा. दोघांना तीन महिन्यांसाठी निलंबित करण्यात आले आणि त्यांनी राजीनामे दिले.

पक्षाकडे चर्चेचे अधिकृत व्यासपीठ होते, ही गोष्ट खरी. ‘वर्ल्ड न्यूज’ या साप्ताहिकात टॉम्प्सनचा एक टीकात्मक लेख जूनअखेर छापलाही गेला, आणि त्याला सहायक सरचिटणीस जॉर्ज मॅथ्यूज यांनी उत्तर दिले. पण अशा व्यासपीठावर कोणाचे पत्र घ्यायचे, कोणाला उत्तर द्यायचे आणि चर्चा केव्हा संपली म्हणायचे, हे ज्याच्यावर टीका होत आहे तोच ठरवतो. बुडापेस्टला गेलेला ‘डेली वर्कर’चा बातमीदार पीटर फ्रायर याने डोळ्यांनी पाहिलेले लिहून पाठवले. त्याचे मजकूर कापले गेले, काही छापलेच नाहीत. त्याने राजीनामा दिला आणि जे पाहिले ते वर्ष संपण्याआधी पुस्तकात छापले. त्यावरून त्याला पक्षातून काढून टाकण्यात आले. क्रिस्टोफर हिल, एरिक हॉब्सबॉम यांच्यासारख्या इतिहासकारांचे पत्रही पक्षाच्या दैनिकाने नाकारले आणि ते ‘न्यू स्टेट्समन’मध्ये आले. १९५६ च्या आरंभी पक्षाचे सुमारे ३३ हजार सभासद होते. दोन वर्षांनी २५ हजारही उरले नाहीत. गेलेल्यांपैकी बहुतेकांना कोणी काढले नव्हते. त्यांनी सभासदपत्राचे नूतनीकरण केले नाही, एवढेच.

याच काळात पक्षाने अंतर्गत लोकशाहीचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. नेतृत्वाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून मी त्याची नोंद आदराने करतो. आयोगावर पूर्णवेळ कार्यकर्त्यांचे वजन जास्त होते, तरी हिल, पीटर कॅडोगन आणि माल्कम मॅकइवेन या तिघांना त्यात जागा होती, आणि त्यांनी वेगळा अल्पमत अहवाल दिला. १९५७ च्या ईस्टरला हॅमरस्मिथ टाउन हॉलमध्ये विशेष अधिवेशन झाले. हिलने अल्पमत अहवाल मांडला आणि तो प्रचंड बहुमताने फेटाळला गेला. बहुमताला त्यात न्याय दिसला असेल. पण ते बहुमत तयार कसे झाले, हेही पाहायला हवे. ज्यांनी त्या अहवालाला मत दिले असते, त्यांतले बरेच जण तोवर पक्षाबाहेर होते. उरलेल्यांना प्रतिनिधी निवडताना एकमेकांशी संधान बांधायची मुभा नव्हती. कार्यकारिणीची निवडणूकही शिफारस केलेल्या यादीने होई. मावळते नेतृत्व आपल्या पसंतीचे पॅनेल पुढे ठेवी, प्रतिनिधींना त्याबाहेरच्या नावाला मत देता येई, पण दुसरे पॅनेल उभे करणे ही गटबाजी ठरे. साखर कारखान्याच्या किंवा सहकारी बँकेच्या निवडणुका पाहिलेल्या मराठी वाचकाला हे लगेच कळेल: एकच पॅनेल असेल तर मतपेटी कितीही स्वच्छ असो, निकाल आधीच ठरलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो पक्षातल्या जुन्या कामगारांनी घेतला होता. त्यांचे म्हणणे असे: चहूबाजूंनी घेरलेल्या छोट्या पक्षाला सैल राहणे परवडत नाही. १९२५ साली पक्षाच्या बारा पुढाऱ्यांवर राजद्रोही लिखाणाचा आणि सैन्यात बंडाची चिथावणी दिल्याचा खटला झाला. पॉलिटसकट पाच जणांना वर्षाची शिक्षा झाल्याने १९२६ च्या सार्वत्रिक संपात ते तुरुंगात होते. बेकारांच्या मोर्च्यांत, १९३६ साली केबल स्ट्रीटवर मोस्लीच्या फॅसिस्टांना अडवताना, स्पेनमध्ये, या पक्षाने आपल्या आकाराच्या कितीतरी पट काम केले, आणि ते शिस्तीमुळेच केले. हे सगळे मला मान्य आहे. ज्या बुद्धिवाद्यांनी १९५६ नंतर या शिस्तीची हेटाळणी केली, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पहाटे पाच वाजता कारखान्याच्या दारात उभे राहून वर्तमानपत्र विकले असेल. पण गुप्तता कोणापासून राखली गेली, हा प्रश्न उरतोच. किंग स्ट्रीटच्या कचेरीत ब्रिटिश गुप्तचरांनी छुपे मायक्रोफोन बसवले होते, आणि १९५५ साली सभासदांच्या नोंदींच्या प्रतीही त्यांनी मिळवल्या. मॉस्कोकडे इतिवृत्ते जात होती. अंधारात होता तो वर्गणी भरणारा सभासद. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७९ पर्यंत पक्ष मॉस्कोहून रोख पैसे घेत होता, ही कबुली रूबेन फॉल्बर यांनी १९९१ साली दिली. त्या वर्षीपर्यंत हे बोटांवर मोजण्याइतक्या लोकांना ठाऊक होते, आणि ‘डेली वर्कर’च्या निधीसाठी आठवड्याला शिलिंग गोळा करणारे त्यांत नव्हते.

तिसरा आक्षेप १९८० च्या दशकाकडे बोट दाखवतो. तोवर पक्ष बराच मोकळा झाला होता. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणाचा पक्षाने निषेध केला, आणि दत्तला आपला विरोध नोंदवून अल्पमतात बसावे लागले. ‘मार्क्सिझम टुडे’ या मासिकात पक्षाबाहेरचेही लिहू लागले. आणि नेमका त्याच काळात पक्ष फुटला. मग मोकळीक घातकच ठरली, असा हा युक्तिवाद आहे. फुटीचा तपशील पाहिला तर तो टिकत नाही. १९८४ च्या नोव्हेंबरात लंडन जिल्ह्याचे अधिवेशन विरोधकांच्या हाती जाण्याची चिन्हे दिसताच सरचिटणीस गॉर्डन मॅक्लेनन यांनी ते बंद केले, आणि पाठोपाठ हकालपट्ट्या झाल्या. त्या केल्या त्या बहुविधतेचा पुरस्कार करणाऱ्या बाजूने, आणि वापरली ती जुनीच कलमे. दुसऱ्या बाजूने ‘मॉर्निंग स्टार’ (पूर्वीचा ‘डेली वर्कर’) हे दैनिक आपल्याकडे ठेवले, कारण त्याची मालकी पक्षाकडे नसून वाचकांच्या सहकारी संस्थेकडे होती. मतभेद घेऊन एकाच घरात राहायची सवय दोन्ही बाजूंना नव्हती. चाळीस वर्षे जे शिकवलेच नाही, ते एका दशकात येणार कसे? विसर्जनाच्या वेळी पाच हजार सभासदही उरले नव्हते.

नेत्यांबद्दल या पुस्तकात कडक निवाडे आहेत, पण त्यांच्या निष्ठेवर मी कुठेही संशय घेतलेला नाही. पॉलिट, गॅलाकर, पॉलिटनंतरचा सरचिटणीस जॉन गोलन ही माणसे तुटपुंज्या पगारावर आयुष्यभर राबली. हॉब्सबॉमला पक्षाने काढले नाही आणि त्यानेही पक्ष सोडला नाही. हुकूमशाही पक्षात असा समझोता चालत नाही. दत्तविषयी मात्र माझे मत अनुकूल नाही. भारताच्या स्वातंत्र्यासाठी त्याने केलेले लेखन मोलाचे आहे, आणि ते मी कमी लेखत नाही. तरी १९३९ साली निःशंक स्वीकृतीची मागणी करणारा आणि १९५६ च्या मे महिन्यात स्टालिनचे अपराध म्हणजे सूर्यावरचे डाग अशा अर्थाचे लिहिणारा माणूस एकच होता. त्या लेखावर सभासद इतके खवळले की त्याला खुलासा करावा लागला. या पक्षाच्या रचनेतून वर येणाऱ्याला सर्वांत जास्त बळ मिळाले ते दत्तच्या वृत्तीला, पॉलिटच्या वृत्तीला नाही.

वाचकांना, विशेषतः ज्यांनी एखाद्या पक्षात, कामगार संघटनेत किंवा चळवळीत उमेदीची वर्षे दिली आहेत त्यांना, एक विनंती आहे. पुढची प्रकरणे वाचताना पुढारी चांगला की वाईट, या प्रश्नावर फार थांबू नका. प्रत्येक प्रसंगी एवढेच तपासा की वेगळे मत असलेल्या सभासदाला दुसऱ्या शाखेतल्या सभासदाशी उघडपणे बोलता येत होते का, आणि वरच्या समितीत झालेला वाद त्याला वाचायला मिळत होता का. नंतर हेच दोन प्रश्न आपल्या संघटनेला विचारा, आणि तेही पुढच्या बैठकीत, सर्वांसमक्ष.